देवका मावशीची बोडी

परवा भंडाऱ्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, बालवाडीच्या बायांचं. प्रोजेक्टर, गार झालेला चहा आणि नागपूरहून आलेली एक गोड आवाजाची ताई. दुसऱ्या दिवशी तिनं विषय काढला, 'वयानुरूप नृत्य व हालचाली'. तीन वर्षांच्या मुलाला ठरलेल्या स्टेप देऊ नका, त्याला डावं-उजवं कळत नाही. चालणं, थांबणं, उड्या मारणं, एवढंच पुरे. मागे चालणं चौथ्या वर्षी. एका पायावर तोल पाचव्याच्या आसपास. मोठ्यांचे हावभाव लहानांकडून करवून घेऊ नका. आणि मुलांना बघणाऱ्यांसाठी नाचवू नका. सगळ्या बाया माना खाली घालून उतरवून घेत होत्या. मीही वही उघडली, तारीख टाकली, आणि पुढे पेन चालेना.

हे सगळं मला पाठ होतं हो. एका सातवी शिकलेल्या बाईनं पत्र्याचा पिपा वाजवत वाजवत मला ते चार वर्षं शिकवलं होतं. ताई विचारत होती, "कुणाचा काही अनुभव आहे का?" शेजारच्या बाईनं मला कोपर मारलं. "तुमी सांगा ना मॅडम, तुमची शाळा त मोठी आहे." मी म्हटलं, घसा बसलाय. साफ खोटं. घसा ठणठणीत होता.

आमची शाळा तुमसरची. राईस मिलच्या मागे, चार खोल्या आणि एक मोठा हॉल. मिल सुरू असली की जळलेल्या तुसाची काळी राख उडत येते आणि फरशीवर बसते. ती राख दिवसातून तीनदा पुसणं हे देवका मावशीचं काम. कागदावर ती मदतनीस. झाडझूड करायची, पाणी भरायचं, पोट्ट्यांची नाकं पुसायची, ओल्या चड्ड्या बदलायच्या. उंच, वाळकी, पाठ ताठ, पन्नाशीच्या आतबाहेरची. चालताना पायाचा आवाज यायचा नाही. सकाळी आली की आधी शाळेमागच्या नळावर बसून गुडाखू घासायची. गुडाखू म्हणजे तंबाखूची ती काळी, ओली पेस्ट, आमच्याकडच्या बायांचं ठेवणीतलं व्यसन. घासून झाली की खळखळून दहा चुळा भरायच्या, मोजून दहा, आणि मगच लेकरांना हात लावायचा. मी एकदा म्हटलं, "मावशी, सोडून द्या ना ते." म्हणाली, "सोडली असती मॅडम, पण मंग सकाळी मले माह्यासाठी काई उरत नाही."

मी नोकरीला लागले तेव्हा नवी डी.एड. होते आणि डोक्यात वारं होतं. वेळापत्रकात शुक्रवारी डान्सचा तास. मी मोबाईलवर गाणं लावायची, समोर उभी राहून स्टेप दाखवायची, आणि वीस पोट्टे माझ्याकडे बघत भोकाड पसरायचे. एक मुलगा तर दर शुक्रवारी गाणं लागलं की बाकाखाली जाऊन बसायचा. मावशी दारात पोछा धरून उभी. तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी म्हणाली, "मॅडम, रागावू नोका, पण एक बोलू का? याईले दोन पाय आहेत हेच अजून याईले समजून राहिलं. तुमी चार स्टेपा सांगून राहिल्या."

राग आलाच. पोछावाल्या बाईनं मला शिकवावं? म्हटलं, "मग तुम्हीच घ्या तास." टोमणा होता तो. तिनं पोछा भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "हाव, घेतो. पण पयले पंधरा दिवस मी नुसते पाय पाहीन."

आणि खरंच पाहिले. पंधरा दिवस ती फरशी पुसता पुसता पोट्ट्यांचे पाय बघत होती. कोण टाच टेकवत नाही, कोण पळताना एका बाजूला झुकतं, कोणाला जिना उतरायची भीती वाटते, तिला सगळं ठाऊक. एका मुलाच्या आईला तिनं फाटकात गाठून सांगितलं, याचा डावा पाय डॉक्टरले दाखवा. आई चिडली, तुले काय समजते म्हणाली, आणि महिन्याभरानं नागपूरच्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आली. मावशीला धन्यवाद बिन्यवाद काही नाही. चिठ्ठी माझ्या हातात दिली, मी शिकलेली ना!

मग तिनं स्वयंपाकखोलीतून तेलाचा रिकामा पिपा आणला आणि पालथा घातला. हाताच्या तळव्यानं वाजवायची. वाजला की चालायचं, थांबला की थांबायचं. महिनाभर तीन वर्षांच्या मुलांना तिनं एवढंच दिलं. मला वाटलं, हा काय नाच आहे? पण बाकाखालचा मुलगा दुसऱ्याच दिवशी बाहेर आला. थांबायचं असतं तेव्हा तो असा थांबायचा की डोळ्याची पापणी हलू द्यायचा नाही.

त्यानंतर बोडी. बोडी म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं छोटं तळं, धानाला पाणी देणारं. अर्धी मुलं हात धरून गोल उभी राहायची, ती तळ्याची पार. उरलेली आत, ती पाणी. पिपा हळू वाजला की पाणी हळूहळू हलायचं, जोरात वाजला की उसळायचं, आणि ज्याला जसं उसळायचं तसं उसळू दे, सगळ्यांचं सारखं पाहिजे असं काही नाही. मग ती दोन ठोके द्यायची आणि सगळे जिथल्या तिथे गार. "बोडी भरली काय?" मुलं ओरडायची, "भरली!" "पार फुटली!" की हात सुटायचे आणि पाणी बाहेर धावत सुटायचं, हॉलभर, व्हरांड्यात, कधी थेट ऑफिसात.

मुलाला चार वर्षं झाली की रोवणा. धानाची रोपं लावताना बाया वाकून मागे मागे सरकतात ना, तसं मुलांनी मागे चालायचं. "पयले चवडा, मंग टाच. नाई त पडसान." ही तिची एकुलती एक स्टेप. आणि पाच झाली की बगळा, एका पायावर. त्याआधी कुणी आई म्हणाली की माझा मुलगा करतो घरी एका पायावर, तर मावशी म्हणायची, "करते तुमाले दाखवाले. हाडं अजून काकडी आहेत त्याचे, राहू द्या."

तिचे दोन नेम होते. एक, टाळ्या नाहीत आणि शाब्बास नाही. मी सवयीनं टाळी वाजवली की ती माझा हात धरायची. "शाब्बास म्हटलं का लेकरू तुमच्यासाठी नाचते. मंग त्याले सोताचे पाय दिसत नाही." दुसरा, बघायला आत यायचं नाही. पालक खिडकीला नाक लावून उभे राहिले की ती खिडकी लावून घ्यायची. "पाहणाऱ्याले जागा नाही. आत आला त नाचा लागते."

हा नेम तिनं दादासाहेबांनाही लावला. दादासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव, मिलचे मालक, पांढरा सफारी. एक दिवस कोण्या पाहुण्याला शाळा दाखवायला घेऊन आले आणि हॉलच्या दारात उभे राहून बघायला लागले. मावशी पिपा न थांबवता म्हणाली, "दादासाहेब, इकडून पार कच्ची आहे जी, धरा बरं हात." मी डोळे मिटून घेतले. पण बघते तर काय, एका चिमुरडीनं आधीच त्यांचं बोट धरलेलं. दोन मिनिटं तो मिलमालक तुसाच्या राखेत मांडी घालून तळ्याची पार झाला होता. "पार फुटली" म्हटल्यावर आठ-दहा पोट्टे त्यांच्या अंगावरून गेले. हसले ते, अगदी मनापासून हसले. पाहुणाही हसला, पण तो त्यांना हसला, आणि ते दादासाहेबांनी पाहिलं. सफारी झटकत माझ्याजवळ आले. "मॅडम, ही बाई जरा जास्तच करून राहिली."

आता माझ्या लेकीचं सांगते. मुक्ता तीन वर्षांची होती तेव्हा आमच्याच शाळेत घातली. घुमी पोर. माझा पदर सोडायची नाही, कुणी नाव विचारलं तर तोंड लपवायची. मावशीनं तिला एकदाही ये म्हटलं नाही. पार धरायला उभी करायची, बस. तिनं दीड महिना नुसती पार धरली. मग एका दुपारी मी ऑफिसातून फळीच्या फटीतून पाहिलं (नेम मोडून पाहिलं, हो), तर मुक्ता पाण्यात होती. डोळे मिटलेले, हात वर, आणि अंग नुसतं डोलत होतं. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. माझ्या लेकीला मी तशी कधी पाहिली नव्हती. मी तिथे उभ्या उभ्या रडले. संध्याकाळी मावशीला म्हटलं, "तुमचे उपकार आहेत." ती म्हणाली, "माहे कायचे? तिच्या अंगात होतंच ते. वाट सोडली नुसती."

त्याच पावसाळ्यात एका दुपारी एका मुलाचे वडील न्यायला येईनात. आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो होतो, मुक्ता मावशीच्या मांडीवर झोपलेली. मी सहज विचारलं, मावशी, तुम्हाला हे कुणी शिकवलं? ती मुक्ताच्या केसांतून हात फिरवत होती. मग सांगितलं.

बाप नाटक कंपनीत ढोलकी वाजवायचा. आमच्या झाडीत दिवाळीपासून गावोगाव नाटकं, आणि दोन प्रवेशांच्या मध्ये एक नाच हवाच. ही आठ वर्षांची असताना बापानं तिला उभी केली. "मले कंबर हालवता येत नव्हती मॅडम. शिकवली. डोळा माराले शिकवला. मले वाटे, डोळ्यात काई गेलं त तसं करतात." लोक खूश. बक्षिसं द्यायचे. माईकवरून देणाऱ्याचं नाव पुकारायचं, मग तो माणूस वर येऊन नोट हिच्या फ्रॉकला टाचणीनं लावायचा. मग वन्स मोर. "एका गावात सहा डाव नाचवली. पाय असे सुजले. बाया म्हणत, काय गोड पोट्टी आहे माय! गोड!" ती थुंकली, व्हरांड्याच्या बाहेर. "बाप खराब नव्हता जी. सगळ्यात जोरात तोच टाळ्या वाजवे." चौदाव्या वर्षी ती मामाकडे पळून आली, त्यानंतर पायात चाळ बांधले नाहीत. शेवटी म्हणाली, "हे तुमालेच सांगतलं." मी म्हटलं, "माझ्यापाशीच राहील."

राहिलं. दीड वर्ष राहिलं.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात ऑफिसात बैठक होती, स्नेहसंमेलनाची. रस्त्याच्या पलीकडे नवीन इंग्रजी शाळा निघाली होती आणि त्यांच्या संमेलनाचा व्हिडिओ तुमसरभर फिरला होता, पाच वर्षांच्या पोरी चमकीच्या कपड्यात. दादासाहेब टेबलावर मोबाईल आपटत होते. "पब्लिकले काय पायजे मॅडम? आयटम पायजे! आपल्या केजीच्या आठ पोरी घ्या, हे गाणं घ्या." गाणं लावलं. त्या वर्षी लग्नाच्या वरातीत वाजायचं तेच, दारूचं आणि नजरेचं. "आन् तुमची मुक्ता पुढं. गोरी आहे, शोभते." आणि मग, जसं काही सहज आठवलं तसं, "जूनमधे मुख्य शिक्षिकेची ऑर्डर काढाची आहे. पाहू कोणाची काढाची."

मावशी चहा घेऊन आली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि गेली नाही. "दादासाहेब, चार वर्साच्या पोरीची कंबर हालत नाही जी. हालवा लागते. नोका हालवू."

"तू चहा दे."

"पाहणाऱ्याची नजर कोठी जाते, तुमाले मालूम आहे. मलेही मालूम आहे."

"तुले काय मालूम वो?" ते हसले. मग माझ्याकडे वळले. "तुमी सांगा मॅडम. डी.एड. तुमी आहात का ही आहे?"

मला काय बोलायचं होतं? मावशी बरोबर आहे, एवढंच. तीन शब्द. त्याऐवजी मी हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी म्हटलं, "मावशीचं मनावर घेऊ नका सर. लहानपणी नाटक कंपनीत नाचत होत्या ना, म्हणून त्यांना स्टेजचा धसका आहे."

कुणी मला विचारलं नव्हतं. कुणी बळजबरी केली नव्हती. वातावरण हलकं करावं म्हणून बोलले, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगितलं. दादासाहेबांनी भुवया वर केल्या. "अस्सं? नाचणारी होती का? आन् आमाले सांगतलंच नाही!" बैठकीला बसलेल्या दुसऱ्या मॅडमनं साडीचा पदर तोंडाला लावला. मावशीनं कप एकेक करून सगळ्यांसमोर ठेवले, माझ्यासमोर शेवटी. एक थेंब सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर मी तिला गाठलं. काहीतरी बोलणार होते. ती चुळा भरत होती. दहा पूर्ण केल्या, तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी तुमाले सांगतलं होतं मॅडम. शाळेले नाही."

त्या दिवसापासून तिला हॉलमध्ये यायची बंदी. फक्त झाडायला, मुलं नसताना. पिपा कोपऱ्यात पडला आणि मी आठ पोरींना कंबर हलवायला शिकवू लागले. मुक्ताला जमेना. तिचं अंग कुठूनतरी डोलायला लागायचं आणि मी ओरडायची, "तसं नाही! माझ्याकडे बघ! एक, दोन!" पंधरा दिवसांत जमलं. लेकरं शिकतात हो, काहीही शिकवा.

जानेवारीत संमेलन झालं. संध्याकाळी सातला, शाळेच्या पटांगणात मांडव, लाल गालिचा, माईक. मुक्ताला मी स्वतः लिपस्टिक लावली, पापण्यांवर चमकी लावली. ती म्हणाली, "मम्मी, डोळे टोचून राहिले." मी म्हटलं, पुसू नको, खराब होईल. गाणं लागलं आणि मांडवात शिट्ट्या वाजल्या. लोकांनी खुर्च्यांवर उभं राहून मोबाईल वर धरले. दादासाहेब पहिल्या रांगेत, शेजारी त्यांचे पाहुणे, कोणी मोठे कंत्राटदार. नाच संपला, आणि पाहुणे उठून माईकवाल्याच्या कानात काही बोलले.

आमच्या भागातल्या माणसाला स्टेज दिसलं, नाच दिसला, की हात खिशात जातो. समोर नाटक आहे की बालवाडी, एवढा विचार कोण करतो? माईकवरून पुकारलं, पाहुण्यांचं पूर्ण नाव घेऊन, "आपल्या छोट्या हिरोइनीला पाचशे रुपये बक्षीस!" टाळ्यांचा कडकडाट. पाहुणे वर आले, वाकले, आणि मुक्ताच्या चोळीला नोट टाचणीनं लावली. "वन्स मोर!"

मी पडद्याआड होते. टाचणी मी पाहिली. व्हरांड्यातली ती दुपार मला आठवली, सहा डाव आठवले, सगळं आठवलं. आणि तरी मी मुक्ताकडे बघून हसले आणि हातानं खूण केली, कर, कर.

दुसऱ्यांदा झाला. पुन्हा वन्स मोर. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा मुक्ता मला शोधत होती आणि तिला मी दिसत नव्हते, तोंडावर फोकस होता. कंबर हलत होती. घागऱ्याखालून गालिच्यावर डाग पसरायला लागला. पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अबे, नळ सुटला!" आणि अख्खा मांडव हसला. पोर थांबली नाही. रडत रडत स्टेप करत राहिली. मीच शिकवलं होतं, काही झालं तरी थांबायचं नाही.

मावशी मांडवाच्या टोकाला बादली घेऊन उभी होती. ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत आली, घाई नाही, पायाचा आवाज नाही, आणि स्टेजवर चढली. लोकांकडे पाठ करून मुक्तासमोर बसली. बादली पालथी घातली आणि तळव्यानं दोन ठोके दिले.

आठही पोरी जिथल्या तिथे थांबल्या. गाणं चालूच होतं.

"बोडी भरली काय?"

 मग मुक्ताच म्हणाली, हुंदका देत, "भरली."

"पार फुटली!"

आणि पोरी पळाल्या. पडद्याआडून, पायऱ्यांवरून, पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून, चमकीचे दुपट्टे मागे टाकत, ओरडत, हसत. मुक्ताही हसत होती. माझ्या शेजारून गेली, माझ्याकडे न बघता. स्टेजवर गाणं वाजत राहिलं आणि मावशी तशीच पाठ करून बसून राहिली, गाणं संपेपर्यंत. मग तिनं खांद्यावरच्या फडक्यानं गालिचा पुसला, बादली उचलली आणि खाली उतरली.

तिसऱ्या दिवशी पालकांचं पत्र आलं. दादासाहेबांनीच लिहून घेतलं होतं, भाषा ओळखू येत होती. नाटकात नाचणाऱ्या बाईकडून लहान मुलांवर वाईट संस्कार होत आहेत, तिला कामावरून कमी करावे. बत्तीस पालकांच्या सह्या. त्यात जिच्या पोराचा पाय मावशीमुळे दुरुस्त झाला ती आईही. खाली एक जागा रिकामी होती, वर्गशिक्षिकेची. मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली. आणि त्या पाचशेच्या नोटेचं काय केलं म्हणाल, तर मुक्ताला सँडल घेतले.

जाताना मावशी ऑफिसच्या दाराशी आली होती. पिशवीत तिचा डबा आणि गुडाखूची डबी. आत आली नाही. "मुक्ता कशी आहे?" मुक्ता तेव्हा रोज अंथरूण ओलं करत होती. मी रजिस्टरमधून मान न काढता म्हटलं, "बरी आहे." ती म्हणाली, "येतो मंग." ती कुठे गेली, तिला दुसरं काम मिळालं का, मी विचारलं नाही. पिपा अजून हॉलमध्ये आहे, कागदाचे कपटे टाकायला.

मुक्ता आता नऊ वर्षांची आहे. उत्तम नाचते म्हणतात. मोबाईल तिवईवर लावते, समोर उभी राहते आणि विचारते, "मम्मी, सुरू केलं का?" मी हो म्हटल्याशिवाय तिचं बोटसुद्धा हलत नाही. डोळे मिटून डोलताना मी तिला त्यानंतर कधी पाहिलेलं नाही.

गेल्या रोवण्याच्या दिवसांत आम्ही मायलेकी एसटीनं लाखांदूरला निघालो होतो, चुलत सासऱ्यांच्या तेरवीला. लाखांदूरच्या अलीकडे चिखलणीचा एक ट्रॅक्टर रस्त्यावर आडवा झाला आणि बस थांबली. मुक्ता खिडकीत. बाजूच्या धानाच्या बांधीत दहा-बारा बाया ओळीनं रोवणा करत होत्या, वाकलेल्या, पाठी आमच्याकडे, मागे मागे रस्त्याच्या दिशेनं येत. डोक्यावर सगळ्यांच्या प्लास्टिकच्या खोळी, कोण कोण आहे काही कळत नव्हतं. माझी नजर सहज पायांवर गेली. शेवटून दुसरी बाई. घोटाभर चिखलात पाय मागे टाकत होती, आधी चवडा, मग टाच. पाण्याचा आवाज होत नव्हता.

मुक्तानंही तिकडेच बघितलं. "मम्मी, ह्या बाया उलट्या काऊन चालून राहिल्या?"

चार वर्षांची असताना ही पोर अख्खा हॉल उलटी चालायची.

"रोवणा आहे," मी म्हटलं.

"असं होय," म्हणाली, आणि मोबाईल काढला.

बाया सरकत होत्या. रस्त्याला लागून धुरा होता, शेताचा बांध. धुऱ्याला टाच लागली की बाया कंबर सरळ करतात आणि वळतात, हे मला माहीत आहे, मी याच मातीतली आहे. मी पावलं मोजायला लागले. सात राहिली असतील. सहा. खाली उतरायला वेळ होता, हाक मारायला वेळ होता, निदान मुक्ताला सांगायला तरी, की बघ, तुला पाणी करणारी बाई ती. पाच. समोर ट्रॅक्टरवाला आणि आमचा कंडक्टर एकमेकांना शिव्या देत होते आणि मी सीटचा दांडा घट्ट धरून मनात म्हणत होते, काढ रे बाबा गाडी, काढ लवकर. तीन राहिली. तिची पाठ इतकी जवळ आली की ब्लाऊजची उसवलेली शिवण दिसली.

ट्रॅक्टर बाजूला झाला. गाडी सुटली. मी मागे वळून बघितलं नाही, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.